तिसरा लाडू

महिना माघ होता की फाल्गुन, हे दिवाण भास्करराव खानोलकरांना उतारवयात खात्रीने सांगता येत नसे. रणधीरराजांनी केवलबाबांना विचारलेला प्रश्न मात्र शब्दन् शब्द आठवतो, असं ते म्हणत. निदान तसं त्यांना वाटे.

"बाबा, न्यायालय मीच स्थापलं. मग मीच मोडलं, तर चुकलं कुठे?"

मठात पंगत बसली होती. बाबांच्या शेजारी राजे, राजांच्या शेजारी भास्करराव. न्यायालय बरखास्त करण्याचं फर्मान दिवाणांच्या खिशात होतं. मनाला पटत नसताना त्यांनीच ते सुरेख भाषेत लिहिलं होतं. सही तेवढी बाकी होती.

"काय केलं हो न्यायालयानं?" बाबांनी विचारलं.

"गावतळ्याचं पाणी माझ्या बागेकडे वळवायचं नाही म्हणतात. मला!"

"अरेरे." बाबांनी वाढणाऱ्या बाईंना हाक मारली. "गंगाक्का, अजून एक लाडू वाढ."

"मिळायचा नाही. माणशी दोन."

"अगं, मठ माझा!"

"मठ तुमचा. नियम सभेचा."

मठातले तंटे सोडवणारे श्रीपादबुवा समोरच जेवत होते. बाबा त्यांच्याकडे वळले. "बुवा, तुम्हीच निवाडा करा."

बुवांनी मान वर केली नाही. "दोन म्हणजे दोन."

"मग भाताआड दडवलेला तिसरा इकडे द्या," अक्का म्हणाली.

पंगत खदखदून हसली. बुवांनी मुकाट्याने लाडू परातीत ठेवला.

राजेही हसत होते. "एका लाडवासाठी एवढं ऐकून घेता? काढून टाका की दोघांना!"

"काढू. आधी तुमचं उरकू. दिवाणजी, द्या तो कागद. होऊन जाऊ दे सही."

भास्कररावांचा हात खिशात गेला...

आणि तिथंच राहिला.

"दिवाणजी?" राजे म्हणाले.

"सरकार... नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे... नाही, सरकार." स्वतःचाच आवाज ऐकून भास्करराव दचकले.

राजे बाबांकडे वळले. "घ्या, आता दिवाणसुद्धा! मग माझी सत्ता उरली कुठे?"

"आता उरेल," बाबा म्हणाले.

राजे बराच वेळ पानातला भात चिवडत बसले...

"अक्का, मला तरी तिसरा?"

"नाही."

राजे एवढ्या मोठ्याने हसले, की त्यांना ठसका लागला. फर्मान खिशातच राहिलं. न्यायालय टिकलं, आणि तळं गावाचं ते गावाचंच राहिलं.

बाबा गेल्यावर कित्येक वर्षांनी भास्करराव पुन्हा मठात गेले. एक शंका त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. माणशी दोन लाडवांचा तो नियम सभेपुढे मांडला कुणी?

"कुणी म्हणजे?" अक्का म्हणाली. "बाबांनीच."

"बाबांनी? का?"

"आम्हीही तेच विचारलं होतं. तर म्हणाले, 'मला लाडू फार आवडतात.'"