बारा घरांचा चहा

"तुम्ही पत्र देणार की नाही, गुरुजी?"

रेव्हरंड फिलेमोन अमोलिक ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कसलं पत्र?"

"मला मायदेशी परत पाठवावं, असं. प्राचार्य म्हणाले, तुमची सही असेल तर ते अडवणार नाहीत."

विचारणारा लिंबानी फिरी. आफ्रिकेतल्या मलावी देशातून पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायला आमच्या सेमिनरीत आलेला. ग्रीकमध्ये पहिला, हिब्रूत पहिला, आणि मराठी इतकी शुद्ध बोलायचा की आम्हा इथल्या पोरांना लाज वाटावी. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. मी त्याच्या खोलीत राहायचो. त्या दिवशी मी शेजारी बसून गुरुजींच्या शेंगा संपवत होतो.

"घे," गुरुजींनी सूप त्याच्याकडे सरकवलं.

"नको. आत्ताच जेवलो."

तो जेवलेला नव्हता. मला माहीत होतं.

"खडकवस्तीत काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

प्रत्येक विद्यार्थ्याला शनिवार-रविवारी एक वस्ती दिलेली असते. घरोघरी भेटी द्यायच्या, प्रार्थना करायची, रविवारी उपासना चालवायची. लिंबानीला गुरुजींनी खडकवस्ती दिली होती.

"बारा घरं आहेत. जूनमध्ये सगळी दारं उघडी असायची. आता मी वस्तीत शिरलो की कड्या लागतात. मालक घरी नाहीत म्हणून सांगतात, आणि मालक आत खोकत असतात. गेल्या रविवारी उपासनेला तीन माणसं होती. त्यातलं एक झोपलं होतं."

गुरुजी हसले. लिंबानी हसला नाही.

"त्यांना माझा रंग नको आहे, गुरुजी."

"असं कोणी बोललं?"

"बोलायला कशाला लागतं?"



लिंबानीनं पिशवीतून एक पुडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "ही निरोपाची भेट. माझी आई चहाच्या मळ्यात पानं खुडते. तिनं पाठवलाय."

गुरुजींनी पुड्याकडे पाहिलं. मग दोन बोटांनी तो परत सरकवला.

"नको."

"तिनं मुद्दाम तुमच्यासाठी..."

"आहे माझ्याकडे चहा. तिला कशाला त्रास?"

लिंबानीचा चेहरा खर्रकन उतरला. मला गुरुजींचा रागच आला. सहा महिने जपून ठेवलेला पुडा होता तो.

"मी काही चुकलो का, गुरुजी?" त्यानं विचारलं.

"खडकवस्तीत चहा विचारतात का रे?"

"प्रत्येक घरी. पाणीसुद्धा आणतात."

"किती घरी घेतलास?"

"एकाही नाही. पाण्याची बाटली माझी मी नेतो." हे सांगताना त्याची मान ताठ झाली. "मी देवाला शब्द दिलाय. आठ वर्षांचा होतो तेव्हा आमच्या गावी पाळक आले. आईकडे एकच कोंबडी होती. ती तिनं कापली. पाळक जेवून गेले, आणि आम्ही भावंडं महिनाभर मक्याचं पीठ शिजवून मिठाशी खात होतो. तेव्हाच ठरवलं. मी पाळक झालो तर गरिबाच्या घरचा घोटही घेणार नाही."

"त्या दिवशी रडलात?"

"खूप."

"आई पण?"



"आई गात होती," तो हळूच म्हणाला. "पिसं काढता काढता गात होती."

मी शेंगा खायच्या थांबवल्या.

गुरुजींनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"माझे आजोबा खडकवस्तीचे. गावात त्यांना पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. त्यांच्या हातचं तर कोणी घ्यायचंच नाही. मग एक दिवस पाळक आला आणि त्यांच्याच तांब्यानं पाणी प्याला. आजोबा मरेपर्यंत तेवढंच सांगायचे. पाळकानं उपदेश काय केला, ते त्यांना कधीच आठवलं नाही."

लिंबानीनं परत सरकवलेला पुडा उचलून पिशवीत ठेवला.

"म्हणजे त्यांना वाटलं, मी..."

"तुला वाटलं, तुझा रंग. त्यांना वाटलं, त्यांची जात."



मग लिंबानीनं सुपातली एक शेंग उचलली. फोडली. खाल्ली. मग दुसरी. मग मूठभर घेतल्या, आणि पोरगा खरोखरच भुकेला होता.

"पत्राचं?" त्यानं जाताना विचारलं.

"सोमवारी ये."

पुढचं लिंबानीनंच मला सांगितलं, आणि एकदा नाही, दहा वेळा.

शनिवारी तो बाटली खोलीवर ठेवून गेला. वस्तीतलं पहिलं घर दीनाबाई पारध्यांचं. सत्तरीची बाई, जिभेला धार. ती कडी लावायला उठलीच होती.

"आजी, पाणी द्या."

"बाटली इसरला जनू?"

"नाही. तुमच्या तांब्यातलं पाहिजे."

दीनाबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. आत गेली, तांब्या घेऊन आली. त्यानं आपल्याकडचे लोक पितात तसा तो तोंडापासून वर धरला.

"वरून नगं," ती म्हणाली. "तोंड लावून पी."

त्यानं तोंड लावलं. तांब्या रिकामा होईपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही.

"च्या टाकू का?"

"टाका."

वस्तीत लिंबानीचा लिंबाजी झाला होता. दीनाबाई दारात गेली आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं ए सकू! लिंबाजी च्या पेतोय आपल्यात, ये बघाया!"

सोमवारी तो गुरुजींकडे आला तेव्हा मीही होतो. पिशवी बाजूला टेकवून, पोटावर हात ठेवून बसला.

"बारा घरी घेतला, गुरुजी. दीनाबाईंकडे दोनदा. साखर तर अशी, की चमचा उभा राहील."

"उपासनेला?"

"एकतीस. कोणी झोपलं नाही."

पत्राचा विषय त्यानं काढला नाही. गुरुजींनीही काढला नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, कारण खोलीत एकट्यानं राहायची माझी मुळीच तयारी नव्हती.

थोड्या वेळानं लिंबानीनं मान खाली घातली.

"पण एक मोठी चूक झाली, गुरुजी. सगळे बोलतच बसले. कोणी पोरांचे फोटो दाखवले, कोणी माझ्या आईचं विचारलं. बाराही घरांत प्रार्थना करायची राहूनच गेली. तुम्ही तर त्यासाठीच पाठवलं होतं..."

गुरुजींनी उठून गॅसवर पाण्याचं आधण ठेवलं. मग त्याच्यापुढे हात पसरला.

"आईचा तो पुडा दे इकडं. आणि तिला लिही, म्हाताऱ्यानं मागून घेतला."