उलटी बसलेली बॅटरी

डोंगराआडच्या एका वाडीत जयराम घाडी नावाचा माणूस राहत होता. वाडीत चारचाकी त्याच्या एकट्याचीच. कुणाला बाजार असो, दवाखाना असो, जयरामच्याच गाडीतून जायचे.

अलीकडे गाडीची बॅटरी थकली होती. किल्ली फिरवली की नुसती टकटक व्हायची. लोकांना ढकलायला लावण्याचा त्याला कंटाळा आला, तेव्हा त्याने तालुक्याहून नवी बॅटरी आणली. एका सकाळी अंगणात बॉनेट उघडून त्याने जुनी बॅटरी काढून खाली ठेवली. तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला.

शेजारच्या लक्ष्मण धुरींवर काजूच्या बागेत मधमाश्या तुटून पडल्या होत्या. त्यांचा मुलगा दिनकर त्यांना पाठीवर घेऊन धावत आला. म्हाताऱ्याचे डोळे सुजून मिटले होते. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. दवाखान्याच्या सरकारी गाडीला फोन लावला, पण तिला घाट चढून यायला बराच वेळ लागणार होता.

अंगणात माणसे जमली. जो तो लवकर कर म्हणू लागला. जयरामने नवी बॅटरी उचलली आणि जागेवर ठेवली. काळ्या वायरीची पकड बॅटरीवरच्या शिशाच्या खांबावर बसवायला गेला, पण ती बसेना. त्याने जोर लावला. पकड वरच अडकली.

"हातोडीने ठोक," दिनकर म्हणाला आणि त्याने हातोडी त्याच्या हातात दिली.

जयरामने हातोडी उगारली. मागे लक्ष्मणकाकांचा श्वास आणखी बारीक झाला होता. ठोकले असते तर पकड बसलीही असती. पण एरवी नीट बसणारी पकड आज का बसत नाही, हे त्याच्या मनात आले. त्याने हातोडी खाली ठेवली, ओणवा होऊन पाहिले. काळ्या वायरीखालचा खांब जाड होता आणि त्यावर अधिकची खूण होती. घाईत त्याने बॅटरी उलटी ठेवली होती, उणेच्या जागी अधिक.

सगळ्यांच्या देखत त्याने ती पुन्हा बाहेर काढायला घेतली.

"बसवलेली काढतोस?" दिनकर त्याच्या अंगावर धावला. "माझा बाप मरेल!"

"मी चुकीची बसवली," जयराम म्हणाला. "तू काकांजवळ बस. मला बघू दे."

माणसे चिडली. कुणी म्हणाले, याला काही येत नाही. जयरामने बॅटरी फिरवून ठेवली. आधी लाल वायर लावली, मग काळी. दोन्ही पकडी अलगद बसल्या. पान्याने त्या आवळल्या, हलवून पाहिल्या, मगच तो आत जाऊन बसला.

किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली.

काकांना मागच्या सीटवर घेतले आणि गाडी घाटाला लागली. दिनकर बापाच्या छातीवर हात ठेवून बसला होता. दवाखान्यात पोचले तेव्हा लक्ष्मणकाकांचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी लगेच सुई दिली, नाकाला नळी लावली. हळूहळू ती शिट्टी थांबली. काकांनी पाणी मागितले.

दिनकर बाहेर आला. बॅटरी तशीच ठोकून बसवली असती तर काय झाले असते, असे त्याने विचारले.

"आतल्या वायरी जळाल्या असत्या," जयराम म्हणाला. "मग गाडी तिथून हललीच नसती."

दिनकर जयरामसाठी चहा आणायला गेला. तो परत आला तेव्हा जयराम पायरीवर बसला होता. दिनकरने कप पुढे केला, पण जयरामला तो धरता येईना. अंगणात एकदाही न थरथरलेले त्याचे हात आता लटलट कापत होते. दिनकर शेजारी बसला आणि त्याने कप त्याच्या ओठांना लावला.

तात्पर्य: संकटात घाई सगळेच करतात, पण जो आपली चूक दिसताच चारचौघांत हात थांबवून ती दुरुस्त करतो, तोच वेळेवर पोचवतो.