सुरयांना भ्यायला शिकवणारी द्वारकी

फार वर्षांपूर्वी, आमच्या वाडीत कौलं नव्हती, सगळी झावळ्यांची छपरं होती, तेव्हाची ही गोष्ट. समोर ते बोडकं बेट दिसतं ना, तिथं सुरय म्हणून पांढरी समुद्रपाखरं उघड्यावरच अंडी घालायची. त्यांचा कलकलाट एवढा, की धुक्यात होड्या त्या आवाजावर घर गाठायच्या. बेटाजवळ पाण्याखाली खडक आहेत. आवाज आला नाही तर होडी गेलीच म्हणून समजा.

एकदा परमुलखातलं गलबत त्या खडकांवर फुटलं. माणूस एकही वाचला नाही. वाचली ती गलबतावरची जनावरं, ती बेटावर चढली. मांजरापेक्षा लांब, पाय आखूड, तोंड चिचुंदरीसारखं. असं जनावर आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, पाखरांनी तर नाहीच.

द्वारकी नावाची एक गाबतीण, म्हणजे आमच्याकडची कोळीण, बेटावर कालवं काढायला जायची. पाखरं तिच्या हातातून मासळी खायची, एवढी तिच्या सवयीची. एक दिवस तिला तिथं जे दिसलं ते तिनं वाडीत येऊन सांगितलं. जनावर एका पाखराला खात होतं आणि शेजारचं पाखरू अंड्यांवर बसून नुसतं बघत होतं. उडालं नाही, ओरडलं नाही. मग जनावर त्याच्याकडे वळलं.

हळूहळू बेट मुकं होत गेलं. धुक्यात एक होडी खडकावर गेली, तिच्यातलं कुणी परत आलं नाही. द्वारकीचा एकुलता एक मुलगा म्हादू त्याच वाटेनं समुद्रात जायचा. तो येईपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा.

होड्यांचा म्होरक्या बाबल तांडेल. त्यानं तिला विचारलं, "गो द्वारके, पाखरां उडत कशाक नाय?"

"तांडेलानू, तेंका ह्या जनावर म्हायतच नाय. भियतली कशाक?"

मग तिनं एक जनावर फासात धरून मारलं. त्याचं कातडं डोक्यावर ओढलं आणि ती रांगत पाखरांत शिरली. रोज हातातून खाणारं एक पाखरू तिनं धरलं आणि आवळलं. ते जिवाच्या आकांतानं ओरडू लागलं. द्वारकी रडत होती, पण तिनं ते सोडलं नाही. त्या ओरडण्यानं सगळं बेट उठलं. ऊन झाकलं गेलं, असं म्हणतात. पाखरं आधी तिच्यावर तुटून पडली, मग कातड्याच्या वासावर त्या जनावरांच्या बिळाबिळांत घुसली. जनावरं समुद्रात उड्या टाकून मेली.

संध्याकाळी धुकं उतरलं. म्हादूची होडी त्या कलकलाटावर घरी आली. आईच्या कपाळावरून रक्त वाहत होतं.

पाखरं मात्र तिला विसरली नाहीत. द्वारकी अंगणात आली तरी टोचायला यायची. मरेपर्यंत ती डोक्यावर टोपली घेऊन वावरली. पुन्हा एकही पाखरू तिच्या हातातून खाईना, याचं तिला फार वाईट वाटायचं.

अजूनही पाखरं बेटावर उतरली की तिच्या घरची सून डोक्यावर टोपली ठेवून, कातड्याच्या जागी काळं कांबळं पांघरून तिथं रांगत जाते. वाडी किनाऱ्यावर गप्प उभी असते. तान्ह्या पोरालाही कुणी रडू देत नाही. पाखरं ओरडत उठली की द्वारकीच्या नावानं नारळ सोडतात आणि मगच होड्या लोटतात.

गेल्या वर्षी पाखरं उठायला जरा वेळ लागला. पाखरं पुन्हा भ्यायला विसरत तर नाहीत ना, ही धास्ती तेव्हापासून वाडीला आहे.