दीड केसाची फट

“पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीत केसाएवढीही फट राहता कामा नये! राहिली, तर गॅरेजला कुलूप आणि तू संस्थानाबाहेर!” हैबतराव महाराजांनी भिवा मेस्त्रीला फर्मावलं. “आणि ऐक, इंजिन पुन्हा अडकलं, तरीही संस्थानाबाहेर!”

महाराज मनानं उदार. बाहेर कोणत्या कारणानं जायचं, ते त्यांनी भिवावर सोपवलं होतं.

करंजघाट संस्थान उण्यापुऱ्या अकरा गावांचं. तोफ एकच, तीही उडत नसे. पण मोटार मात्र शर्यतीची! शेजारच्या राजेसाहेबांना घाटात मागं टाकायचं म्हणून महाराजांनी विलायतेहून घडीव पिस्टन मागवले. ते बसवताना दिवाण त्र्यंबकपंत जातीनं हजर राहिले. मोटारीला हॉर्न असतो, याहून अधिक त्यांना मोटारीतलं कळत नसे. पण ज्यावर आपलं मत नाही असा विषयच त्यांच्यापाशी नव्हता.

“फट म्हणजे ढिलाई, सरकार! आपल्या राज्यात ढिलाई?”

झालं! पिस्टन घट्ट बसवले गेले. मोटार रुबाबात निघाली आणि घाटाच्या दुसऱ्याच वळणावर पिस्टन फुगून भिंतीला असे चिकटले, की तिला बैल जुंपून परत आणावं लागलं. दिवाणसाहेबांनी विचार करून निदान केलं, “आणखी घट्ट हवे होते.”

आता पिस्टनचा दुसरा संच आला होता आणि शर्यत सोमवारी होती. भिवा डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक हौसा लहानपणापासून बापाबरोबर भट्टीवर आणि लेथवर राबलेली. तिनं पिस्टन हातात घेऊन फिरवून पाहिला.

“आबा, मोटारीसंगं आल्यालं मूळचं पिस्टन ओतीव हुतं, त्यास्नी थोडी जागा पुरायची. ह्यो घडीव हाय. दणका सोसतोय, पन तापला की जास्तच फुगतोय. ह्याला दीड केस जागा पायजेच.”

“आन् थंड असताना खडखडंल की गं!”

“खडखडू दे. गरम झाला की जागा भरती, आवाज जातोय.”

“पर तवर महाराज थांबत्यात व्हय? पयल्या खडखडीलाच हाकलत्याल आपल्याला!”

“थांबवू की!”

हौसानं ओरखडलेला सिलिंडर घासून गुळगुळीत केला, फटीत पातळ पत्ती घालघालून मोजलं आणि बरोबर दीड केस फट ठेवली. भिवानं मुकाट्यानं घरातली भांडी गाठोड्यात बांधून ठेवली.

रविवारी सकाळी महाराज गॅरेजात आले. मागोमाग दिवाण, पण हातभर अंतर राखून. याला कारण होतं. महाराज तापले, की त्यांचे हात कमरेवर जात, कोपरं बाहेर येत, छाती फुगे आणि ते धाडधाड दोन पावलं मागं सरत. दोन हुजऱ्यांच्या पायांची बोटं त्यात कामी आली होती. तेव्हापासून सरकारांच्या मागं हातभर जागा सोडायची, हा नियम कुठंही न लिहिता संस्थानात सर्वांत काटेकोरपणे पाळला जाई.

हौसानं इंजिन चालू केलं. खडखड! खडखड! खडखड!

“फट, सरकार!” दिवाण आनंदानं ओरडले. “उघड उघड फट!”

“पोरी, हे काय?” महाराज गुरकावले. भिवानं डोळे मिटले.

“सांगते, सरकार. पन इंजिन चालू ऱ्हाऊ द्या. आन् आदी एक इनंती. दिवाणसायेबांनी तुमच्या पाठीमागं, तुमी आन् भित यांच्या मदी हुबं ऱ्हावं. केसाएवढीबी फट न ठिवता!”

दिवाणांचा चेहरा उतरला. “एवढ्या जवळ? सरकार, काही मर्यादा असते...”

“फट म्हंजी ढिलाई, तुमीच म्हनला न्हवं?”

“उभे राहा, पंत!” महाराजांनी हुकूम सोडला.

पंतांनी पोट आत ओढलं आणि ते महाराजांच्या पाठीमागं भिंतीला चिकटून उभे राहिले.

“कसं वाटतंया, दिवाणसायेब?”

“छान! अगदी छान बसलो आहे!”

“तर सरकार, त्या दिशी आपली मोटार बैलांनी वढून आनली, तवा शेजारचं राजेसायेब घाटात हुबं हुतं. म्हनलं, हैबतरावांनी बैलगाडी झ्याक घेतलीया!”

“काय म्हणाला तो? बैलगाडी?” महाराज कडाडले. हात कमरेवर गेले, कोपरं बाहेर आली, छाती फुगली आणि धाडधाड दोन पावलं मागं!

“मेलो! सरकार, मेलो! जागा! थोडी जागा!”

“किती, दिवाणसायेब? केसभर?”

“हातभर! चांगली हातभर!”

हौसानं हात जोडले. “सरकार, तुमी थंड हुता तवर दिवाणसायेब छान बसलं हुतं. तुमी तापला, आन् त्यांचा जीव घुसमटला. पिस्टनबी तुमच्यावानीच घडीव हाय, तापला की फुगनारच! मी त्याला दीडच केस जागा दिली. दिवाणसायेब तर हातभर मागत्यात!”

महाराज पुढं सरले, तसे दिवाण भिंतीवरून सुटले. पण महाराजांचा हेका सुटला नव्हता. “आणि ती खडखड? शर्यतीत आम्ही खडखडत जायचं?”

“कंची खडखड, सरकार?”

सगळ्यांनी कान दिले. एवढा वेळ इंजिन चालूच होतं, चांगलं तापलं होतं. खडखडीचा मागमूस नव्हता. इंजिन एका सुरात गुणगुणत होतं. गॅरेजात धापा टाकत होते ते फक्त त्र्यंबकपंत.

महाराज असे खदाखदा हसले, की पुन्हा कमरेवर हात गेले. दिवाण एव्हाना दाराबाहेर पोचले होते!

“आजपासून संस्थानची मुख्य मेस्त्री तू! भिवा, गाठोडं सोड! आणि पंत, मोटारीबद्दल बोलायचं असेल, तर आधी आमच्या पाठीमागं उभं राहायचं!”

महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं. कडं सरळ कोपरापर्यंत घसरलं.

“अगं, सैल होतंय की तुला!”

“ऱ्हाऊ द्या, सरकार,” हौसा म्हणाली. “आमाला भट्टीपुढं बसून तापायचं असतंय!”