गिळलेला घास

“आभार मानून भूक लागते? कुठल्या डॉक्टरने सांगितलं, अक्का?”

मठाच्या पडवीत पाऊल ठेवताच शाल्मलीने विचारलं. नमस्कार करायचाही राहिला.

चंद्राक्का जेवायला बसल्या होत्या. समोर वाटीभर घट्ट पेज.

“चार महिने झाले. घास समोर आला की घसा मिटतो. रिपोर्ट सगळे चांगले! आई म्हणते, आभार मान. मावशीने वहीच आणून दिली, रोज दहा आभार लिहायला. लिहिले. आईचे, उन्हाचे, मोगऱ्याचे... अकरा किलो उतरले मी.”

“मोगऱ्याचेपण?”

“हसा! तुम्हा मोठ्या माणसांना सगळं मिळालेलं असतं. मग आभार सुचतात.”

अक्का हसल्या. अर्ध्याच चेहऱ्याने.

तेव्हा कुठे शाल्मलीने नीट पाहिलं. डावा गाल ओघळलेला. जीभ जड. दोन वर्षांपूर्वी अक्कांना अर्धांगाचा झटका आला होता, हे तिने ऐकलं होतं. ऐकून विसरलीही होती.

अक्कांनी चमचाभर पेज तोंडात घेतली. हनुवटी छातीशी टेकवली. डोळे मिटले.

मग शाल्मलीचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला.

बोटांखाली काहीतरी वर चढलं... घसरलं. पुन्हा चढलं... थांबलं.

शाल्मलीचाही श्वास थांबला.

पडवीत माशी घोंगावत होती. अक्कांच्या कपाळावर घाम आला. पुन्हा एकदा ते बोटांखाली थरथरत वर गेलं... आणि उतरलं.

अक्कांनी हात जोडले.

“जेवणाआधी जोडतात ना?” शाल्मलीचा आवाज खाली आला होता.

“आधी कसे जोडू? घास आत गेला, तरच जोडायचे.”

“रोज... असंच?”

“दर घासाला. नळी होती नाकात, वर्षभर. एक दिवस थेंबभर पाणी आपणहून उतरलं. त्या दिवशी रडले मी, पोरी.”

अक्कांनी दुसरा चमचा भरला. तो शाल्मलीच्या ओठांशी नेला. तिचा हात तिच्याच गळ्यावर ठेवला.

घसा मिटला. नेहमीसारखाच.

“मी नाही ढकलत,” अक्का म्हणाल्या. “तूही ढकलू नकोस. नुसता हात ठेव.”

शाल्मलीने पेज तोंडात घेतली. कोमट होती. किंचित खारट.

बोटांखाली काहीतरी हललं.

वर गेलं, आणि एका दमात उतरलं. तिने काहीच केलं नव्हतं. जन्मल्यापासून हे असंच चाललं होतं, न सांगता, न विचारता... आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

तिच्या अंगावर काटा आला. गळ्यावरचा हात काढवेना.

“अक्का... हे कोण करतं?”

अक्कांनी चमचा वाटीत ठेवला.

“सांगा ना! आभार मानायचे तर कुणाचे मानू? नाव काय त्याचं?”

अक्कांनी पेजेची वाटी तिच्याकडे सरकवली.

“नाव कळेपर्यंत उपाशी राहणार आहेस?”