आवळलेला टाका

एकदा एका तरुण आईची झोप उडाली. कारण ऐकाल तर हसाल: गोधडीतल्या तिकोनी तुकड्यांची टोके जुळत नव्हती.

तिची धाकटी सुमा बालवाडीत जायची होती. तिथे दुपारी मुले आपापल्या अंथरुणावर निजत. नवी गोधडी पूर्ण झाली की लेकीला पाठवायचे, असे आईने ठरवले होते. साधे चौकोन जोडले असते तर गोधडी केव्हाच झाली असती. पण तिने नवी रीत धरली: आठ तिकोनी तुकड्यांची टोके एका बिंदूत आणून प्रत्येक चौकोनात एक फूल फुलवायचे. टोक केसभर सरके, की ती सारे उसवी. इतर मुले बालवाडीत रुळलीसुद्धा, सुमा घरीच.

शेवटी लेकीला आणि अर्धवट गोधडी घेऊन ती एका वृद्ध गोधडीवालीकडे शिकायला गेली. कोणती फुले बिघडली आहेत, हे तिने आधीच सांगून टाकले. म्हणजे निदान ऐकून घ्यावे लागणार नाही. वृद्धेने सगळी फुले बोटांनी चाचपली. वाकडी बाजूला ठेवली आणि नेमके जे निर्दोष होते, त्याचेच टाके उसवायला घेतले.

"मावशी, अहो, तेवढं एकच तर जमलं होतं."

"जमलं खरं. पण टोक जुळवायच्या नादात दोरा किती आवळलास बघ. धुऊन धुऊन विरलेलं लुगडं आहे हे. असा टाका पडला की दोरा तुटत नाही बाई, कापड फाटतं. ह्या वाकड्या फुलांत कापडाला हलायला जागा आहे. पोर कूस बदलणार, तर गोधडीलाही तिच्यासंगं हलता यायला हवं. हात सैल ठेव."

आईने मान डोलावली. टाक्याचे तिला पटले होते. तरी राहवेना.

"पण तिथे ती झोपेल ना, मावशी? माझ्याशिवाय?"

"मला काय विचारतेस? निजणारी ही काय इथं बसलीय."

तोवर सुमाने जोडून झालेला गोधडीचा अर्धामुर्धा भाग जमिनीवर पसरला होता. त्यावर ती आडवी झाली. पाय बाहेर राहिले, ते तिने पोटाशी ओढून घेतले.

"आई, एवढी पुरते मला. उद्या जाऊ?"