होडीची ओटी

एका गावात एक नियम होता. होडीच्या ओटीला नाही म्हणायचं नाही. का, ते विचारायचं नाही. वेणूने लहानपणी एकदा विचारलं होतं, तेव्हा आईने तिच्या तोंडावर हात ठेवला होता. "हळू बोल," आई म्हणाली होती, "नदी ऐकते."

गाव नदीच्या वळणावर वसलेलं होतं. श्रावणात नदी दोन्ही काठ भरून वाहायची, पण घाई नसायची तिला. रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी सुस्त चालायची. सकाळी तिच्यावर धुकं उतरलं की पैलतीर पुसून जायचा आणि पलीकडच्या गावचे कोंबडे ढगात बसून आरवताहेत असं वाटायचं.

नारळी पौर्णिमेला या दोन गावांच्या होड्यांची शर्यत लागे. आठ जण वल्ही मारत, एक जण मागे बसून सुकाणू धरी. जिंकलं तर गाव वर्षभर बाजारात छाती काढून फिरे. हरलं तर पलीकडची पोरं वर्षभर काठावर उभी राहून विचारत, "काय हो, तुमची होडी पोचली का?"

शर्यतीच्या सकाळी होडीची ओटी भरत. होडी म्हणजे गावची माहेरवाशीण, असं मानत. प्रत्येक घरातून एक मूठ तांदूळ आणि एक नारळ तिच्या पोटात पडे, आणि ते टाकताना जो तो आपली इच्छा सुकाणू धरणाऱ्याच्या कानात सांगे.

सुकाणू पूर्वी बयाजी नावाच्या माणसाकडे होतं. बयाजी कधी हरला नाही, असं गाव सांगे. हरला होता तो, चांगला दोन-तीनदा. पण तो वारल्यापासून त्याची होडी दरवर्षी थोडी अधिक वेगाने पळू लागली होती. हल्ली तर ती पाण्याला टेकतसुद्धा नसे. त्याच्यामागून जे जे सुकाणूवर बसले, ते बिचारे पाण्यातूनच होडी हाकणारे साधे लोक. एकेक करून शिव्या खाऊन उतरले.

मग पाळी आली वेणूची. ती नावाड्याची मुलगी. चालायला लागण्याआधी होडीत बसायला शिकलेली. धुक्यात डोळे मिटूनही तिला कळायचं की आता पाणी उथळ झालं, आता भोवरा जवळ आला. सुकाणूचं लाकूड हातात आलं की नदी तळव्यातून आपल्याशी बोलते, असं तिला वाटे. दुसरं काही तिने आयुष्यात मागितलं नव्हतं. म्हणून गावचे कारभारी विठोजीनाना जेव्हा म्हणाले, "पोरी, यंदा तू बस," तेव्हा ती दिवसभर हसत होती.

गावाला मात्र हसून भागेना. वेणूने शर्यतीच्या होडीला अजून हात लावला नव्हता, तोवर दोघांनी आपल्या कालवडींचं नाव वेणू ठेवलं. हलवायाने पेढ्यांचं दूध आधीच सांगून ठेवलं. पारावर म्हातारे म्हणू लागले, "बयाजी पोरीच्या रूपाने आलाय." जी आयुष्यात बयाजीशी पाच वाक्यंही बोलली नसेल, तिला आता बयाजी होऊन दाखवायचं होतं.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. धुक्यातून माणसं येऊ लागली. आधी दिवे दिसत, मग हात, मग चेहरे. सगळं स्वप्नात घडावं तसं.

"जिंकच गं बाई," धोंडाकाकू कानाशी म्हणाल्या.

"नुसतं जिंकू नकोस," मागचा म्हणाला, "त्यांची होडी दिसेनाशी झाली पाहिजे."

"आणि वळणावर बयाजी एक हात वर करायचा बघ, तसा कर. आम्ही पोरांना दाखवायला आणलंय."

इच्छा एवढ्या मोठ्या, तर त्यांच्यासोबत मूठभर तांदूळ टाकायला लोकांना लाज वाटली. कोणी सूपभर आणले, कोणी पायली. चौगुल्यांनी तर पोतंच उपडं केलं. एकाचं बघून दुसऱ्याने केलं. होडी खाली खाली जाऊ लागली. पाणी तिच्या कडा चाटू लागलं.

पहिल्या वल्ह्यावर नानांचा नातू मल्हारी बसला होता. तो मान वळवून पुटपुटला, "वेणे, होडी बसलीय गं."

वेणूने नानांकडे पाहिलं. नानांनी डोळे मिटले आणि हात जोडले. "ओटीला नाही म्हणू नये," ते म्हणाले.

ती नाही म्हणाली नाही.

शर्यत सुरू झाली. वल्ही पाण्यात बुडत होती, वर येत होती, पण काठावरची झाडं जागची हलत नव्हती. झोपेत धावावं आणि पाय उचलले जाऊ नयेत, तसं. वेणूला पाण्यात अख्खं गाव उलटं दिसत होतं. उलटी देवळं, उलटी माणसं, आणि त्यांची तोंडं उघडत-मिटत होती. आवाज मात्र पाण्याखालून आल्यासारखा येई. "हात वर कर! हात वर कर!"

तिने हात वर केला नाही. दोन्ही हातांनी सुकाणू धरूनही होडी ऐकत नव्हती. वळणावर ती कलली. पाणी आत आलं. तांदूळ ते पाणी पीत फुगले आणि होडी आणखी जड झाली. मल्हारी बाहेर फेकला गेला. वेणूने सुकाणू सोडलं, उडी मारली आणि केसांना धरून त्याला वर ओढलं. दिसेनाशी झाली ती होडी पलीकडच्या गावाची, पण पुढच्या बाजूला. यांची होडी काठाला लागली तेव्हा ते लोक पेढे खाऊन हात धूत होते.

मल्हारी कितीतरी दिवस तापाने फणफणत होता. इकडे पारावर बैठक बसली.

"बयाजी असता तर..."

"वळणावर हातसुद्धा वर केला नाही पोरीने!"

"दोन कालवडी फुकट गेल्या."

नानांनी बराच वेळ विचार केला. मोठी माणसं विचार करून बोलतात, असं मोठी माणसंच सांगतात. शेवटी ते म्हणाले, "ओटी कमी पडली."

सगळ्यांना बरं वाटलं. दोष सापडला होता, आणि तो कोणाचाच नव्हता. पुढच्या वर्षी भरपूर ओटी भरायची, असं ठरलं. पोरीला आणखी एक संधी द्यायची, असंही ठरलं. गावाचं मन मोठं होतं.

वर्षभर वेणू पैलतीरावर माणसं सोडत राहिली. पलीकडच्या पोरांचं ऐकत राहिली. कधी भर दुपारी नदीच्या मध्यावर तिला डुलकी लागे आणि वाटे, सगळं गाव आपल्या होडीत बसलंय. घरांसकट, गोठ्यांसकट. सगळे म्हणताहेत, चल, चल. वल्हं मात्र कोणाच्याच हातात नाही. ती दचकून जागी होई. होडीत दोन-तीन माणसं असत, आणि होडी पानासारखी तरंगत असे.

पुन्हा पौर्णिमा आली. पुन्हा धुकं. यंदा धुक्यातून आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाव बैलगाड्या घेऊन आलं होतं.

वेणू सुकाणू धरून बसली होती. लाकूड ओलं आणि गार होतं. मल्हारी आणि बाकीचे वल्हेकरी काठावर उभे होते, पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत. पहिलं पोतं घेऊन चौगुले पुढे झाले, तशी वेणू उठून उभी राहिली.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"ओटी. यंदा होडी मोकळीच जाईल."

धोंडाकाकूंच्या हातातला नारळ वाळूत पडला. "अगं कार्टे, तोंड आवर! माहेरवाशिणीला रिकामी धाडायची?"

"माहेरवाशिणीच्या ओटीत, काकू, तिला चालता येईल एवढंच घालतात. तिच्या पाठीवर कोठार देत नाहीत."

कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नाना काठी टेकत पाण्यापर्यंत आले.

"बयाजीने कधी नाही म्हटलं नव्हतं."

"त्यांना तुम्ही मूठभर देत होतात, नाना. तेवढं मीही घेतलं असतं, हसत."

"तू आम्हाला शिकवणार?"

"हो. गेल्या साली तुम्ही शिकवलंत, त्याचं काय झालं ते पाहिलं मी."

नानांचा चेहरा लाल झाला. "मग सुकाणू सोड," ते म्हणाले. "गावाला काही तोटा नाही. दुसरा कोणीही बसेल."

याचीच तिला वर्षभर भीती होती. लाकडावरची तिची बोटं क्षणभर घट्ट झाली. आता हो म्हटलं, चूक झाली म्हटलं, तर हे लाकूड आपलंच राहणार होतं. बुडालो तरी नियमाने बुडालो, असं म्हणता आलं असतं.

तिने हात काढून घेतला. होडीतून खाली उतरली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

"सोडलं. बसवा कोणालाही. पण वल्ह्यावर मल्हारीच बसणार ना? मग तुम्ही ही होडी भरा, नाना, आणि त्याला तुमच्या तोंडाने सांगा, जा बाळा, बस. प्रत्येकाने आपापल्या पोराला सांगा. मी नाही सांगणार. भरलेल्या होडीत मी बसणार नाही आणि कोणाला बसू देणार नाही."

नानांनी नातवाकडे पाहिलं. मग भरल्या गाड्यांकडे. चौगुल्यांनी पोतं हळूच खाली ठेवलं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी एकेक करून आपापल्या गाड्यांचे बैल मागे वळवले.

तात्पर्य: ज्याने आपल्याला पैलतीरी न्यावं असं वाटतं, त्याच्यावर आपल्या आशांचं ओझं लादू नये, आणि ओझं रिवाजाच्या नावाने आलं तरी त्याला नाही म्हणणं हा उद्धटपणा नव्हे.